एक मतदारसंघ, एकच घराणे

राजकारणातली घराणेशाही ही आपल्याकडचीच खासियत, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकेतील डेट्रॉइट परिसराचा एक मतदारसंघ हा समज खोटा ठरवतो.

१९३२ साली जॉन डिंगेल येथून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. प्रत्येकाला आरोग्यविमा मिळावा, हा त्यांचा ध्यास. १९४३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी तसे विधेयक मांडले; ते मंजूर झाले नाही. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांचे २९ वर्षांचे चिरंजीव, धाकटे जॉन, विजयी झाले. प्रत्येक नव्या सभागृहात ते वडिलांचे विधेयक पुन्हा मांडत राहिले. १९६५ मध्ये वृद्धांसाठीची ‘मेडिकेअर’ योजना सभागृहाने संमत केली, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते.

५९ वर्षांनंतर, २०१५ च्या आरंभी, ते निवृत्त झाले. अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासातील ही सर्वांत प्रदीर्घ कारकीर्द! त्यांच्या जागी पत्नी डेबी निवडून आल्या. दिवंगत पतीच्या जागी पत्नी येणे तेथे नवे नव्हते. पती हयात असताना असे प्रथमच घडले.

दरम्यान मतदारसंघाचा क्रमांक बदलला, सीमा बदलल्या. दर दोन वर्षांनी मतदारांचा कौलही घ्यावा लागला. आडनावाने दार उघडले असेल. पण इतकी वर्षे आत राहायला काम दाखवावेच लागले.