कालूंची फीत

जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली चमकती काळी फीत आठवते? ब्रिटिश कलाकार न्नेना कालू तीच फीत, कापड, दोरी, कागद असं जे हाती येईल ते गुंडाळत जातात, गाठ मारतात, त्यावर पुन्हा गुंडाळतात. बघता बघता छताला टांगलेला भलामोठा रंगीत कोष तयार होतो. ब्रिटनमधला कलेसाठीचा २०२५चा टर्नर पुरस्कार त्यांना मिळाला. लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या कलाकाराला हा मान पहिल्यांदाच मिळाला! कालू फार कमी बोलतात. मला तर शिल्पांपेक्षाही त्यांची भोवऱ्यासारखी चित्रं जास्त आवडतात. एकाच लयीत शेजारी शेजारी काढलेली, जुळी वाटणारी, तरी हुबेहूब नसलेली.

त्यांच्या पाठीशी १९९९पासून लंडनची 'ॲक्शनस्पेस' ही संस्था आहे. जागा, साहित्य, सोबत संस्थेची, हात कालूंचाच.

कालूंच्या आधी, २०२१मध्ये, हेस्टिंग्जचा 'प्रोजेक्ट आर्ट वर्क्स' हा कलाकारांचा गट टर्नर पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. तिथे न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची जडणघडण वेगळी असलेले) आणि इतर कलाकार मिळून काम करतात. कॉव्हेंट्रीच्या हर्बर्ट गॅलरीत भरलेल्या त्या वर्षीच्या टर्नर प्रदर्शनात त्यांनी निवडक चित्रं टांगून भागवलं नाही, वर्षानुवर्षं जपलेला चित्रांचा साठाच नेऊन ठेवला.