मानससरोवराच्या यात्रेची पूर्वतयारी

बेलपाड्याहून खारघर स्थानकावर यावे, पनवेलकडे जाणारी गाडी धरावी, म्हणजे पुढचेच स्थानक मानसरोवर. रोजच्या ये-जा करण्यात हे नाव इतके घरचे झाले आहे की, खऱ्या मानससरोवराची यात्रा करावी असा विचार एखाद्या कुटुंबात निघाला तर त्यात नवल नाही. पण ते सरोवर तिबेटात, समुद्रसपाटीपासून सुमारे १५,००० फुटांवर आहे. आणि आपली वस्ती खाडीलगतची. पैसा, पारपत्र आणि ऊनी कपडे यांचा विचार सगळेच यात्रेकरू करतात. उंचीचा विचार मात्र फार थोडे करतात. म्हणून त्याच एका गोष्टीवर येथे भर देण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम यात्रेची हकीकत थोडक्यात पाहू. कैलास आणि मानससरोवर ही हिंदूंना जितकी पवित्र, तितकीच बौद्धांना, जैनांना आणि तिबेटातील बोन पंथाच्या लोकांनाही. भारत आणि चीन यांच्यामधील १९५४ च्या करारात या यात्रेचा उल्लेख होता. पण १९६२ च्या युद्धाने वाट बंद झाली. ती १९८१ मध्ये उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीतून पुन्हा उघडली. सिक्कीममधील नथू ला खिंडीचा दुसरा मार्ग २०१५ मध्ये मिळाला. २०२० पासून पाच वर्षे यात्रा थांबली होती; २०२५ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी दोन्ही मार्गांनी मिळून ७५० यात्रेकरूंची सोय करण्यात आली होती. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे करावा लागतो आणि निवड सोडत काढून होते. वय १८ ते ७० असावे, शरीराचे वजन उंचीच्या प्रमाणात असावे आणि दिल्लीतील वैद्यकीय तपासणीत माणूस उतरावा, अशा अटी आहेत. वाटेत उंचावर पुन्हा एकदा तपासणी होते व तेथूनही माणसाला परत पाठवितात. ही दुसरी तपासणी कशासाठी, हे समजले की पुढचे सारे समजेल.

उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः ते प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे शंभरात एकवीस भाग असते. कमी होतो तो हवेचा दाब. मानससरोवराच्या काठी हा दाब येथल्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. आणि कैलासाच्या परिक्रमेत डोल्मा खिंड लागते, तेथे सुमारे १८,५०० फुटांवर तो जवळजवळ निम्मा उरतो. छाती तेवढीच फुगते, पण प्रत्येक श्वासात हाती येणारा प्राणवायू अर्धा. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो. काही दिवसांत मूत्रपिंडे रक्तातील क्षार बाहेर टाकून त्या जलद श्वासाशी जुळते घेतात. काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. या सर्व कामाला दिवस लागतात, आणि ते दिवस पैशाने विकत मिळत नाहीत.

जुन्या यात्रेकरूला हे दिवस आपोआप मिळत. तो धारचुल्याच्या वरच्या अंगापासून पायी चाले; दिवसाला एक पडाव चढे आणि चालता चालता त्याचे शरीर तयार होई. त्या वाटेचे धोके निराळे होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत ६० यात्रेकरू होते. आज लिपुलेखच्या बाजूस मोटाररस्ता झाला आहे. नेपाळमार्गे खासगी प्रवासी संस्थांबरोबर जाणारा माणूस तर नेपाळगंजहून विमानाने सिमिकोटला आणि तेथून हेलिकॉप्टरने हिल्सा येथे, म्हणजे एकदोन दिवसांत १२,००० फुटांवर जाऊन उतरतो. रस्त्याने चाल कमी केली. उंची कमी केली नाही. उलट, पायांचे श्रम वाचले तेवढा फुप्फुसांवरचा भार वाढला.

म्हणून आखणी करताना आमची पहिली सूचना अशी, की एका कागदावर प्रत्येक मुक्कामाचे नाव लिहावे आणि त्यापुढे रात्री जेथे झोपायचे तेथील उंची. मग लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करावी. १०,००० फुटांच्या वर ही वाढ एका दिवसात साधारण १,५०० फुटांहून अधिक नसावी, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस चढाई न करता काढावा, असे डॉक्टरांचे मत आहे. लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला सुमारे १०,५०० फुटांवर मुक्काम पडतो तो तपासणीबरोबरच शरीर रुळावे म्हणूनही. जी संस्था असे दिवस गाळून ‘कमी दिवसांत दर्शन’ म्हणून जाहिरात करते, तिच्याकडे हा कागद जरूर मागावा.

दुसरी तयारी घरची. निघण्यापूर्वी तीनचार महिने रोज तासभर चालावे. रविवारी खारघरचा डोंगर किंवा प्रबळगड पाठीवर ओझे घेऊन चढावा. मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा स्पष्ट निकाल घ्यावा. परंतु एक गोष्ट विसरू नये : कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, अवघे ५,४०० फुटांचे. येथल्या सरावाने पाय व दम तयार होतात. विरळ हवेची सवय येथे होऊ शकत नाही. धडधाकट तरुणालाही विरळ हवा बाधते, किंबहुना तो जोमाने पुढे धावतो म्हणून अधिक बाधते.

ही बाधा ओळखावी कशी? डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही प्रारंभीची लक्षणे. ती असेपर्यंत वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकल्याबरोबर फेस आला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर प्राणवायू द्यावा आणि सकाळची वाट न पाहता खाली उतरवावे. अशा माणसाला स्वतःचे भान राहत नाही. म्हणून दोघादोघांच्या जोड्या आधीच ठरवाव्यात व एकमेकांवर लक्ष ठेवावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या कटाक्षाने टाळाव्यात.

सर्वांत अवघड तयारी मनाची. आयुष्यभर साठविलेले पैसे खर्चून, गावाचा निरोप घेऊन निघालेल्या माणसाला दोन मुक्काम उरले असता मागे फिरणे म्हणजे देवाने अव्हेरल्यासारखे वाटते. या भावनेपायी लोक लक्षणे लपवितात, आणि त्यातूनच प्राणावर बेतते. आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. आषाढीला गाभाऱ्यापर्यंत न पोचलेला वारकरी कळसाला हात जोडून परततो. त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. परिक्रमा न झेपणाऱ्याने सरोवराच्या काठावरूनच कैलासाचे दर्शन घ्यावे, आणि तेथवरही न पोचणाऱ्याने जेथून फिरला तेथून हात जोडावेत. घरच्यांनी हे यात्रेकरूला निघण्यापूर्वीच, चारचौघांत सांगावे, म्हणजे वेळ आली तर मागे फिरण्याचा निर्णय घेणे त्याला जड जाणार नाही.