रात्रीच्या रहिवाशांचे गाव

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर अंतरावर बदलापूर हे स्थानक आहे. मात्र तेथील कोणत्याही नोकरदाराला मुंबई किती दूर असे विचारले, तर तो किलोमीटर सांगत नाही. जलद गाडी मिळाली तर साधारण दीड तास, धीमी मिळाली तर त्याहून अधिक, आणि पावसाळ्यात काहीच सांगता येत नाही, असे त्याचे उत्तर असते. महानगराच्या परिघावर गेल्या चाळीस वर्षांत जी गावे शहरे होऊन बसली, त्यांच्या जीवनाचे सारे रहस्य या उत्तरात आहे. अंतर येथे वेळात मोजले जाते, घराची खरी किंमत वेळात फेडली जाते, आणि ज्यांच्या श्रमावर या नगराची वस्ती उभी आहे ती माणसे दिवसाच्या कर्त्या प्रहरी नगराच्या हद्दीत नसतात. या शेवटच्या गोष्टीचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. तो व्हावा, म्हणून हा लेख.

या भागात आगगाडी आली ती फार पूर्वी. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत, १८५४ साली कल्याणपर्यंत आणि १८५६ साली थेट खोपोलीपर्यंत लोहमार्ग पोहोचला, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातील ही गावे मुंबईशी कायमची जोडली गेली. तथापि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या लोहमार्गाने बदलापूरचे गावपण हिरावून घेतले नाही. भाताची खाचरे, कुणबी-आगऱ्यांची शेती, डोंगराच्या पायथ्याचे ठाकर-कातकऱ्यांचे पाडे, ज्येष्ठात टोपल्या भरून मुंबईच्या बाजारात जाणारी टपोरी जांभळे, असाच या परिसराचा क्रम राहिला. त्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मात्र ज्या झाडांमुळे हा मान मिळाला, त्यांतील कितीतरी झाडे इमारतींच्या पायाखाली गेली, याचे दुःख जुन्या बदलापूरकरांच्या बोलण्यात आजही जाणवते.

क्रम बदलला तो मुंबईच्या अडचणीमुळे. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या त्या चिंचोळ्या बेटावर, १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानंतर, भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे कोणत्याही घरमालकाला परवडेनासे झाले. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी पिढी मोठी झाली, लग्नाची झाली, आणि खोली मात्र तेवढीच राहिली. १९७७ पासून गृहकर्जाची सोय मध्यमवर्गाला हळूहळू उपलब्ध होऊ लागली, १९८२ च्या संपाने गिरणगावाचा कणा मोडला, आणि खोली विकून किंवा वाटणी घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे लोहमार्गाच्या कडेकडेने जिथे हात पोहोचेल तिथे स्वतःच्या मालकीचे ‘वन रूम किचन’ शोधू लागली. आधी डोंबिवली भरली, मग कल्याण आणि अंबरनाथ, आणि त्यानंतर बदलापूरची पाळी आली. आज तीच लाट वांगणी, शेलू, नेरळ ओलांडून कर्जतकडे सरकली आहे, आणि बदलापूर जे भोगून चुकले ते त्या गावांच्या वाट्याला आता येत आहे.

कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर हे नगर एकजिनसी नाही. कुळगाव, कात्रप, मांजर्ली, बेलवली, वालिवली, शिरगाव अशी स्वतंत्र गावठाणे लोहमार्गाच्या पूर्व-पश्चिमेस होती; १९८३ साली ती नव्या कल्याण महानगरपालिकेत घातली गेली, १९९२ साली पुन्हा बाहेर काढली गेली, आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या दफ्तरी त्यांची नोंद झाली. २००१ च्या जनगणनेत या नगरपरिषदेची लोकसंख्या लाखाच्या किंचित आत होती. दहा वर्षांनी ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यापुढची जनगणना २०२१ साली व्हावयाची ती वेळेवर झाली नाही, त्यामुळे पाणी किती लागेल, शाळा किती हव्यात, रुग्णालयात खाटा किती असाव्यात, हे सारे हिशेब या मधल्या काळात जुन्या आकड्यांवर किंवा अंदाजांवर चालले, आणि माणसे मात्र रोज नव्या इमारतीत सामान चढवीत राहिली.

जमिनीचे स्थित्यंतर कसे होते हे सामान्य खरेदीदारानेही समजून घेणे अगत्याचे आहे. ज्या खाचरात काल भात होता त्याचा सातबारा शेतकऱ्याच्या नावे असतो. विकासक त्याच्याशी करार करतो, जमीन अकृषिक ठरते, नगरपरिषदेकडून बांधकामाची परवानगी घेतली जाते, आणि इमारत पुरी झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळावे लागते. या साखळीतील शेवटचा दाखला सर्वांत महत्त्वाचा असूनही घर घेणारा बहुधा तोच पाहत नाही. चाव्या हातात आल्या, गणेशपूजन झाले, की त्याला सारे काही पार पडले असे वाटते. पुढे इमारतीखालची जमीन रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून घ्यायची असते, म्हणजे अभिहस्तांतरण. तेही वर्षानुवर्षे राहून जाते, आणि इमारत जुनी होऊन पुनर्बांधणीची वेळ आली की जमीन आपली नाहीच, हे रहिवाशांच्या ध्यानात येते. २०१७ पासून ‘महारेरा’कडे नव्या गृहप्रकल्पांची नोंदणी सक्तीची झाल्यामुळे काही फसवणुकींना आळा बसला आहे, पण दाखले तपासण्याचे काम शेवटी ज्याच्या पगारातून वीस वर्षे हप्ता जाणार आहे त्याचेच आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे चित्रही एकरंगी नाही. कोणी योग्य भाव घेऊन मुलांना शिकवले, कोणी गाळे बांधून भाड्यावर स्थिरावला; आणि डोंगराच्या कडेचा कातकरी, ज्याच्या नावावर कधीच सातबारा नव्हता, तो या साऱ्या व्यवहारात कुठेच आला नाही. स्थानकाबाहेर पावसाच्या सुरुवातीला शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी यांच्या जुड्या मांडून बसलेली त्याची बायको हाच नव्या नगराशी त्याचा उरलेला संबंध.

आता गाडीविषयी. येथील प्रवाशाला होणाऱ्या यातनांचे कारण गर्दी असे सरसकट सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. मुंबईपासून कल्याणपर्यंत चार आणि काही टप्प्यांत सहा मार्ग आहेत. कल्याणला कसाऱ्याची आणि कर्जतची वाट फुटते, आणि कर्जतच्या बाजूला दोनच मार्ग उरतात. या दोन मार्गांवरून उपनगरी गाड्या जातात, पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्सप्रेस जातात, मालगाड्याही जातात. घाटातून एखादी एक्सप्रेस उशिरा उतरली की तिला वाट देण्यासाठी लोकल अडते, आणि ठाण्याला कचेरीत वेळेवर पोहोचण्याचा कोणा एकाचा हिशेब अंबरनाथच्या अलीकडेच चुकतो. कल्याण–बदलापूर दरम्यान तिसरा आणि चौथा मार्ग टाकण्याचे काम मंजूर आहे. या नगराला आजवर जी आश्वासने मिळाली त्यांत माझ्या मते हे सर्वांत मोलाचे आहे, कारण उड्डाणपूल, कमानी आणि सुशोभित चौक यांपेक्षा एक सुटसुटीत लोहमार्ग येथील माणसाच्या आयुष्यात अधिक तास परत आणून घालील.

तरीही या गाडीने एक समाज घडवला आहे, हे मान्य केले पाहिजे. रोज एकाच डब्यात, एकाच दारापाशी भेटणाऱ्यांचे ‘ग्रुप’ असतात. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून बसणाऱ्याला कल्याणनंतर कोण उठून जागा देणार हे ठरलेले असते. दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा होते. टाळांच्या गजरात अभंग म्हणत मंडळी ठाण्यापर्यंत येतात. शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहते हे ज्याला ठाऊक नसते त्याला आपल्या गाडीतल्या सोबत्याच्या मुलीचे लग्न कोठे ठरले हे ठाऊक असते. महिलांच्या डब्यात तर संसाराचा एक भागच चालतो. परतीच्या गाडीत वाटाणे सोलले जातात, मेथी निवडली जाते, कारण घरी पोहोचल्यावर स्वयंपाकाला लागण्याआधी एक क्षणही मोकळा मिळणार नाही, हे त्या स्त्रीला पक्के माहीत असते. नोकरी आणि घर यांच्या दुहेरी ओझ्यात या तीन-साडेतीन तासांच्या प्रवासाचे तिसरे ओझे जी स्त्री उचलते, तिच्या कष्टांची नोंद कोणत्याही नगराच्या विकासाच्या अहवालात होत नाही. तिची मुले पाळणाघरात किंवा आजी-आजोबांच्या स्वाधीन असतात. दिवसाचे बदलापूर खऱ्या अर्थाने वृद्धांचे, बालकांचे, दुकानदारांचे आणि रिक्षावाल्यांचे गाव असते.

आणि नदी. उल्हास नदी लोणावळ्याजवळच्या राजमाचीच्या डोंगरांतून उतरते, कर्जत-नेरळमधून वाहत बदलापूरला येते, आणि पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळते. कोकणातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडत असता ही मात्र वाहती राहते, त्यामागे एक कारण आहे, आणि ते फार थोड्या रहिवाशांना ठाऊक असते. घाटमाथ्यावर मावळात, भीमेच्या खोऱ्यातील आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवले जाते, १९२२ पासून ते डोंगराखालच्या भिवपुरीच्या वीजगृहात सोडले जाते, आणि वीज निर्माण करून झाल्यावर तेच पाणी उल्हासच्या पात्रात येते. बदलापूरच्या नळाला वैशाखात येणारे पाणी अशा रीतीने काही अंशी घाटापलीकडचे आहे. जवळच बारवी नदीवरचे औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. त्याचे पाणी ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांना आणि अनेक शहरांना जाते, आणि त्याची उंची वाढवताना काठची आदिवासी व शेतकरी वस्ती उठवावी लागली. महानगराची तहान भागवणारे पाणी अशा कोणाच्या तरी घराच्या मोबदल्यात येते, ही जाणीव नळ उघडताना आपण ठेवली पाहिजे.

जी नदी पाणी देते तीच पावसाळ्यात आपली जागा परत मागते. २६ जुलै २००५ रोजी बदलापूरच्या सखल भागांत जे पाणी शिरले ते पाहिलेली माणसे अजून त्या रात्रीविषयी बोलतात. आणि २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा हजाराच्या आसपास प्रवाशांना आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींतून बाहेर काढावे लागले, आणि आसपासचे गावकरी मदतीला धावून गेले. अशा पुराला केवळ अतिवृष्टी जबाबदार धरणे न्यायाचे नाही. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. पहिली सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते. या रेषा कागदावर असतात, ओढे मात्र भरावाखाली जातात, आणि मग पाणी मोकळ्या राहिलेल्या मार्गाने घराघरांत येते.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. ओढा बुजतो तो दिवसाढवळ्या. भराव टाकणारी वाहने दुपारी येतात, नकाशे कचेरीच्या वेळात फलकावर लागतात, हरकती कचेरीच्या वेळातच स्वीकारल्या जातात, आणि या वेळी ज्याला हरकत घ्यावयाची तो दादरला किंवा अंधेरीला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रत्येक विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांना ठराविक मुदतीत लेखी हरकती व सूचना देता येतात. परंतु या अधिकाराचा वापर ज्यांचे जमिनीत हितसंबंध आहेत ते जितक्या तत्परतेने करतात, तितक्या तत्परतेने त्या जमिनीवर राहणारे करीत नाहीत. त्यातच २०१५ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ नगरपरिषदेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला आणि मतदान थेट २०२५ च्या डिसेंबरात झाले. नगर सर्वांत वेगाने वाढत असता त्याला लोकनियुक्त मंडळ नसावे, आणि त्याविषयी बहुसंख्य रहिवाशांनी ब्रही काढू नये, ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते. काहींची नावे तर अजून मुंबईच्याच मतदारयाद्यांत आहेत. जुन्या चाळीच्या पत्त्यावरचे ते नाव काढणे त्यांच्या जिवावर येते. त्यामागची माया मी समजू शकतो, पण ज्या गावाचे पाणी आपण पितो त्या गावाला आपले मत मिळत नाही, हेही त्यांनी समजून घ्यावे.

अशा नगरांत नव्याने राहायला जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. घर पाहायला जाल तेव्हा स्थानकापासूनचे अंतर जरूर विचारा, पण पाटबंधारे खात्याची पूररेषा कोठून जाते आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, हेही विचारा. आणि एकदा एखाद्या कामाच्या दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येऊन पाहा. राहायला गेल्यावर पहिल्या वर्षातच मतदारयादीत नाव तेथील पत्त्यावर करून घ्या. नगरपरिषद आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करील तेव्हा एक दिवसाची रजा काढा, कचेरीत जाऊन नकाशावर आपला ओढा, आपली शाळा आणि आपले मैदान शोधा, आणि ती जागा दाखवलेली नसेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी हरकत देऊन तिची पोच घेऊन या.