38 विमानं आणि 12 कलाकार

माणसं एकमेकांशी चांगली वागली, एवढ्या भांडवलावर नाटक उभं राहत नाही, असं रंगभूमीवर मानलं जातं. नाटकाला तंटा लागतो, कुणाचं तरी कुणाशी वाकडं असावं लागतं. ‘कम फ्रॉम अवे’ ही कॅनडाची संगीतिका हा समज खोडून काढते. तिचा दौरा तुमच्या शहरात आला तर ती जरूर पाहावी, असं मला कळकळीनं वाटतं. ब्रॉडवेवर 12 मार्च 2017 ते 2 ऑक्टोबर 2022 या काळात, मधली महासाथीची दीड वर्षं बंद राहूनही, तिचे 1,669 प्रयोग झाले. लंडनमध्ये 2019 साली तिला चार ऑलिव्हिये पुरस्कार मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट नव्या संगीतिकेचाही होता. 2018 मध्ये सिएटलहून उत्तर अमेरिकेचा दौरा निघाला, 2024 मध्ये ब्रिटनचा. मात्र शिफारशीचं कारण ही यादी नव्हे. सत्य घटनेवर आधारलेली नाटकं पुष्कळ असतात. बहुतेकांत घटना फक्त कथानक पुरवते. इथे घटनेनं नाटकाचा घाटच ठरवला आहे.

घटना 11 सप्टेंबर 2001 ची. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेनं आपलं आकाश बंद केलं, तेव्हा युरोपातून निघालेली विमानं अटलांटिकवर होती. त्यांतली 38 प्रवासी विमानं न्यूफाउंडलंड बेटावरच्या गँडर या गावी उतरवली गेली. जेमतेम दहा हजार वस्तीच्या या गावाला एवढा मोठा विमानतळ कसा, तर 1938 साली तो सुरू झाला तेव्हा महासागर ओलांडण्यापूर्वी विमानांना इंधनासाठी तिथे थांबणं भाग होतं. पुढे लांब पल्ल्याची जेट विमानं आली, गँडरची गरज सरली, धावपट्ट्या मात्र राहिल्या. त्या दिवशी त्यांवर साडेसहा हजारांहून अधिक माणसं उतरली. काहींना 28 तासांपर्यंत विमानातच बसवून ठेवलं होतं. शाळेच्या बसचे चालक संपावर होते, ते संप बाजूला ठेवून गाड्या घेऊन आले. शाळा, चर्च, सभागृहं यांत अंथरुणं पडली. अन्न टिकावं म्हणून बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाचं शीतगृह झालं. प्रवाशांची औषधं सामानात आणि सामान विमानाच्या पोटात, म्हणून औषधविक्रेत्यांनी रात्री जागून औषधं मिळवून दिली. विमानांत 19 प्राणीही होते, त्यांत बोनोबो जातीच्या वानरांची एक जोडी. त्यांना कोण खाऊ घालणार, हाही प्रश्न कुणीतरी अंगावर घेतला. लुईसपोर्ट, गँबो, ॲपलटन ही आसपासची गावंही कामाला लागली. पाच दिवस हे चाललं.

आयरीन सँकॉफ आणि डेव्हिड हाइन हे कॅनडाचं नवरा-बायकोचं लेखक-संगीतकार जोडपं. हल्ल्याच्या दिवशी ते न्यूयॉर्कमध्येच राहत होते. टोरंटोजवळच्या शेरिडन कॉलेजातल्या मायकेल रुबिनॉफ यांच्या डोक्यात या विषयावर संगीतिका व्हावी ही कल्पना होती. ती या दोघांनी उचलली. 2011 च्या सप्टेंबरात, दशकपूर्तीसाठी त्या वेळचे प्रवासी पुन्हा गँडरला जमले, तेव्हा हेही तिथे जाऊन राहिले आणि गावकऱ्यांच्या, पाहुण्यांच्या मुलाखती घेतल्या. हाती आला तो आठवणींचा ढीग. कुणी एक नायक नाही, कुणी खलनायक नाही, ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेलं पाच दिवसांचं काम तेवढं आहे. यातून एखाद्या शूर महापौराची नाहीतर एखाद्या प्रेमी युगुलाची गोष्ट काढणं सोपं होतं. लेखकांनी ते केलं नाही.

त्यांनी बारा कलाकार घेतले, आणि प्रत्येकाला गावकरीही केलं आणि प्रवासीही. टोपी बदलली, जाकीट चढवलं, बोलण्याची ढब बदलली की आत्ता चहा देणारी बाई पुढच्या क्षणी तोच चहा थरथरत्या हातानं घेणारी प्रवासी होते. रंगमंचावर झाडांचे बुंधे, काही टेबलं आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, एवढंच नेपथ्य. त्याच खुर्च्यांचं विमान होतं, बस होते, गावचा बार होतो. ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही किमया नवी वाटणार नाही. पण इथे या युक्तीला एक अर्थ आहे. न्यूफाउंडलंडमध्ये बाहेरून आलेल्या माणसाला ‘कम फ्रॉम अवे’ म्हणतात, आपल्या ‘उपरा’ या शब्दाच्या जवळपास जाणारा हा शब्द आहे. गावकरी आणि उपरा यांच्यात एका जाकिटापुरतंच अंतर आहे, हे इथे संवादातून सांगावं लागत नाही, शंभर मिनिटं ते डोळ्यांसमोर घडत राहतं. दिग्दर्शक ख्रिस्तोफर ॲशली यांना टोनी पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. सात नामांकनांपैकी मिळालेला तो एकच, आणि तो योग्य जागी गेला असं माझं मत आहे.

संगीतही असंच मातीतून आलेलं आहे. या बेटावर आयर्लंड आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातून माणसं येऊन वसली, त्यांच्यासोबत फिडल, बासरी, अकॉर्डियन आणि बॉऱान हा हातात धरून वाजवायचा चामड्याचा डफ आला. काठीला बाटल्यांची बुचं आणि खाली जुना बूट लावून घरीच बनवलेलं ‘अग्ली स्टिक’ हे वाद्यही आहे. वादक रंगमंचावरच असतात. गाणी बऱ्याचदा कामाच्या याद्यांची आहेत: पांघरुणं किती, लंगोट किती, दूरध्वनी कुठे. चांगुलपणाचं नाटक होऊ शकतं ते इथे. भलेपणा भावना म्हणून दाखवला तर पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. तोच काम म्हणून दाखवला की त्यात अडचण येते, घाई येते, चुका येतात, म्हणजेच नाट्य येतं. आणि गर्दीची धांदल ऐकवायला कोरसगीतासारखं दुसरं साधन नाही.

गर्दीतून बाजूला काढलेलं मोठं एकल गीत एकच, आणि ते बेव्हर्ली बास यांचं. 1986 साली त्या अमेरिकन एअरलाइन्सच्या पहिल्या महिला कॅप्टन झाल्या, आणि त्या दिवशी त्यांचं पॅरिसहून डॅलसला निघालेलं विमान गँडरला उतरलं. लहानपणापासूनची उडण्याची ओढ, बाई म्हणून सोसलेला विरोध, मग मिळालेलं आकाश, असं ते गीत वर चढत जातं, आणि ज्या वस्तूवर आयुष्यभर प्रेम केलं तिचाच कुणी बॉम्ब केला, या जाणिवेवर येऊन कोसळतं. पाच मिनिटांच्या आत एक पूर्ण आयुष्य उलगडतं. त्या दिवसाचं दुःख इतक्या थोडक्यात मांडणारं दुसरं गीत मला माहीत नाही.

आता आक्षेप. हजारो माणसं मेली त्या दिवसावर नाच-गाणी शोभतात का? आपल्याकडे ओवी, पोवाडा, भजन यांनी मरणाला कधी वर्ज्य मानलं नाही, तेव्हा मराठी वाचकाला हा आक्षेप मुळात फार टोचू नये. शिवाय इथे हल्ला रंगमंचावर येतच नाही. न्यूयॉर्कमध्ये अग्निशामक दलात असलेल्या मुलाची खबर मिळावी म्हणून दूरध्वनीपाशी खोळंबलेली हॅना तेवढी आहे. तो मुलगा परत येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळं फार गोड आहे. पण नीट पाहिलं तर गोडव्याला जागोजागी छेद दिलेला आहे. अली या इजिप्शियन मुसलमान प्रवाशाकडे बाकीचे संशयानं पाहतात. तो निष्णात आचारी आहे आणि स्वयंपाकात मदत करू इच्छितो, तरी त्याला टाळलं जातं, आणि निघताना त्याची कपडे उतरवून झडती होते. ते अपमानाचं दृश्य कुठल्याही गाण्यानं झाकलेलं नाही. इंग्लंडचा निक आणि टेक्ससची डायन यांची गँडरमध्ये ओळख होऊन पुढे लग्न झालं, पण त्याच पाच दिवसांत केव्हिन नावाच्या दोन पुरुषांचं जोडपं दुरावतं. पोलंडमध्ये जन्मलेला एक म्हातारा आपण ज्यू असल्याचं लहानपणापासून लपवत आलेला, तो इथे एका रब्बीपाशी प्रथमच मन मोकळं करतो. त्याच सुमारास चर्चमधलं स्तोत्र, हिब्रू प्रार्थना, नमाज आणि बृहदारण्यक उपनिषदातला शांतिमंत्र एकमेकांत गुंफले जातात. आपल्या कानांना त्या गुंफणीतला एक धागा ओळखीचा लागेल. त्या हल्ल्यानंतर झालेल्या युद्धांबद्दल मात्र संगीतिका गप्प आहे. ज्याला त्या राजकारणाचा हिशोब हवा, त्यानं दुसरं नाटक पाहावं. पाच दिवसांचीच मर्यादा आखून घेतलेल्या कृतीला हा दोष मी लावणार नाही, पण ही उणीव कुणाला जाणवली तर त्याचं चुकलं असंही म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप खरेपणाचा. बास, गँडरचे त्या वेळचे महापौर क्लॉड एलियट ही माणसं खऱ्या नावानं येतात. अली किंवा शिक्षिका ब्यूला ही पात्रं मात्र अनेकांचे अनुभव एकत्र करून घडवलेली आहेत. मग याला सत्यकथा का म्हणायचं? हजारो माणसांची हकिगत शंभर मिनिटांत सांगायची तर जोडकाम अटळ आहे. पाहायचं ते एवढंच, की जोडताना कुणाला जास्त थोर केलं का, कुणाचा दोष लपवला का. याची खरी परीक्षा 2016 मध्ये झाली. ब्रॉडवेवर जाण्याआधी गँडरच्याच हॉकीच्या मैदानात, ज्यांची गोष्ट त्यांच्यासमोर, ती मैफलीच्या रूपात सादर झाली. गावानं ती आपली मानली. 2023 पासून गँडरमध्ये तिचे उन्हाळी प्रयोगही होऊ लागले.

2021 मध्ये ब्रॉडवेच्या रंगमंचावर चित्रित केलेली आवृत्ती ॲपल टीव्हीवर आली. दौरा जवळपास नसेल तर ती पाहावी. मात्र कॅमेरा चेहऱ्यांजवळ जातो, आणि ही बाराजणांच्या एकत्र हालचालीवर चालणारी कृती आहे, म्हणून निवड करता येत असेल तर नाट्यगृहच गाठा. टोरंटो, न्यू जर्सी, लंडन, मेलबर्न इथल्या मराठी वाचकांना ती संधी इतरांपेक्षा लवकर मिळेल. न्यूफाउंडलंडची बोली झपाट्यानं येते, सुरुवातीची दहा मिनिटं सगळे शब्द पकडण्याचा आग्रह धरू नका. मध्यंतर नाही, तेव्हा वेळेवर पोहोचा. आणि कलाकारांनी अभिवादन केलं की लगेच उठू नका: त्यानंतर वादक पुढे येऊन वाजवतात, ते ऐकूनच बाहेर पडा.