सरकारी वकिलाचा धनी कोण?

पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी उभे राहून माणसे रायगडाकडे पाहतात आणि बोलतात ते तलवारीबद्दल. मला मात्र तिथे एक कागद आठवतो. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी जिजाऊंनी पाचाडला देह ठेवला. त्याच वर्षाचा मानला जाणारा कानुजाबता अष्टप्रधानांची कामे नेमून देतो. न्यायाधीशाने न्याय-अन्याय मनास आणून निवाडा करावा, निवाडपत्रावर आपले चिन्ह करावे. हे पद निराजी रावजींकडे होते. न्यायाधीश आणि पंडितराव या दोघांना मोहिमेवर जाण्याचे बंधन नव्हते. महाराजांनी ही प्रधानपदे वंशपरंपरेने दिली नाहीत, हे तर फार मोलाचे. आधी काम ठरले, मग माणूस.

आजचा कानुजाबता म्हणजे राज्यघटना. तिच्या १६५व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल महाधिवक्ता नेमतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्याच्या अंगी हवी. मुदत मात्र ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेतोवर पद, आणि ही मर्जी व्यवहारात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालते. एच. एम. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत या पदावर राहिले. श्रीहरी अणे यांना मात्र वेगळ्या राज्यांविषयीच्या वक्तव्यांवरून उठलेल्या वादळात मार्च २०१६ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

हा विषय मुंबईपुरता नाही. उद्या पाचाडात कुणाच्या घरी खून पडला, तर सत्र न्यायालयात त्या घराचे दुःख मांडणारा सरकारी वकील त्या घराने निवडलेला नसतो. तो कुणी आणि कसा नेमला, यावर न्याय अवलंबून राहतो. पूर्वी महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांतले सहायक अभियोक्ते पोलीस खात्याच्या हाताखाली होते. ज्याने तपास केला, त्याच्याच हुकमतीत तो तपास पारखणारा! सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अभियोक्त्यांचे खाते पोलिसांपासून वेगळे करायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही जिल्ह्याच्या सरकारी वकिलासाठी किमान सात वर्षांची वकिली आणि सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून केलेली नामसूची सांगितली आहे.

नियम चांगलेच आहेत. पण सरकार बदलले की वकिलांची यादी बदलते, हेही आपण पाहतो. पगार सरकारचा असला, तरी सरकारी वकिलाचा खरा धनी न्याय, असे मला वाटते. नेमणूक करणाऱ्याला हे पटेल, त्या दिवशी गरिबाला कोर्टाची पायरी कमी उंच वाटेल.