आमच्या घरातले दोन ल

पहिलीत जाणाऱ्या आमच्या धाकट्या लेकीची वही एके दिवशी लाल शाईने रंगून घरी आली. 'लगोरी'तला ल चूक, 'शेपटी'तला श चूक! बाप मराठीचा प्राध्यापक! सौभाग्यवतींनी वही माझ्यापुढे ठेवली आणि एक अक्षर न बोलता त्या स्वयंपाकघरात गेल्या. पोर मात्र "बाबांनीच असा दिला होता" एवढेच म्हणत मुसमुसत होती.

खरेच होते ते. सरावाचे कागद मीच संगणकावर छापून दिले होते. त्यांतला ल उभ्या दंडाला चिकटलेला, हिंदी वळणाचा. आपला असतो दोन पाकळ्यांचा. राज्य शासनाने २००९ साली मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण ठरवले, तेव्हा बाईंना बोल लावण्याचीही सोय नव्हती.

युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा ल एकच. तो दिसावा कसा, हे फॉन्ट ठरवतो, आणि आपण काही सांगितले नाही तर संगणक आपल्या मनाने फॉन्ट घेतो. विंडोजमध्ये हा मान बरीच वर्षे 'मंगल'कडे होता. गंमत अशी की, मंगल घडवला र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकारानेच! पण त्यांना तरी दोष कसा द्यावा? एकाच साच्यावर हिंदी, मराठी, नेपाळी असे सारे संसार चालायचे होते.

मी तावातावाने 'टिरो देवनागरी मराठी' हा फुकट मिळणारा फॉन्ट आणून वर्डमध्ये नेमला. दुसऱ्या दिवशी कोरा कागद उघडतो, तर मंगल पुन्हा हजर! फॉन्टच्या खिडकीत दोन कप्पे असतात. मी बदलला होता तो इंग्रजीचा. देवनागरीचा कप्पा वेगळा, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाचा. (आपली लिपी त्यांना गुंतागुंतीची वाटते, वाटो बापडी!) तेथे फॉन्ट निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबावे, आणि विचारणा झाली की 'सर्व कागदांसाठी' असे सांगावे. जुन्या फायली जुन्याच वळणाच्या राहतात. नोटपॅडची चूल निराळी; त्याला पुन्हा वेगळे सांगावे लागते. आणि हा फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली, तर तो गुपचूप दुसराच साचा लावून मोकळा होतो.

नवे कागद छापले. लेकीने दोन्ही ल शेजारी ठेवून विचारले, "बाबा, मग हा खोटा का?" मी म्हटले, "खोटा नव्हे ग, दुसऱ्या घरचा." तिला ते पटले. बाईंना चिठ्ठी लिहायची होती. ती मात्र मी हातानेच लिहिली.