कटऑफ नसलेली यादी

“मागच्या वर्षी कितीला क्लोज झाली?” परदेशी शिष्यवृत्तीची चौकशी करणाऱ्या मुलांचा, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांच्या पालकांचा, हा पहिला प्रश्न असतो. सीईटी आणि कॅप राउंडमधून गेलेल्या घरात तो येणारच. गुण मांडायचे, उतरत्या क्रमानं यादी लावायची, जागा संपल्या की रेघ ओढायची, ही पद्धत आपल्या हाडीमाशी मुरली आहे. परदेशी शिष्यवृत्त्या अशा चालत नाहीत, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत तर त्यांचे नियम इतके हलले आहेत की दोन वर्षांपूर्वी निवडून गेलेल्या ताईचा सल्लाही यंदा उपयोगी पडेलच असं नाही. निकाल आता बऱ्याच अंशी कागद कुठल्या क्रमानं आणि कुठल्या तारखेला हातात पडले यावर लागतो. तरी गैरसमज मात्र गुणपत्रिकेपाशीच घुटमळतात.

“मार्क चांगले आहेत, मिळेलच”

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, म्हणजे एनओएस, 1954-55 पासून चालू आहे. सध्या तिच्या वर्षाला 125 जागा आहेत: 115 अनुसूचित जातींसाठी, 6 विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि 4 भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. पदवीला 60 टक्के हवेत, वय 35 च्या आत हवं. पण ते 60 टक्के म्हणजे फक्त आत येण्याचा पास. आत आल्यावर रांग लागते ती तुमच्या टक्क्यांची नव्हे, तर ज्या विद्यापीठानं तुम्हाला प्रवेश दिला त्याच्या क्यूएस जागतिक क्रमवारीतल्या स्थानाची. पहिल्या पाचशेत असलेल्या विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र हातात असेल, तर जितकं विद्यापीठ वर तितके तुम्ही वर. 62 टक्के आणि पन्नासाव्या क्रमांकाचं विद्यापीठ असलेला मुलगा 85 टक्के आणि चारशेव्या क्रमांकाचं विद्यापीठ असलेल्या मुलीच्या पुढे उभा राहतो.

ही क्रमवारी लंडनच्या एका खासगी कंपनीची असते आणि दरवर्षी जूनच्या सुमारास बदलते. त्यामुळे अर्ज भरताना आत असलेलं विद्यापीठ पुढच्या यादीत बाहेर गेलेलं असू शकतं. कुठल्या वर्षाची यादी धरणार, हे त्या त्या वर्षीच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधून वाचावी. शिवाय ही एकूण क्रमवारी, विषयवार नव्हे. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला आणि डिझाइनच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षं पहिलं आहे, पण एकाच क्षेत्रातली संस्था असल्यामुळे एकूण यादीत तिला जागाच नाही. नियम अक्षरशः लावला तर जगातल्या सर्वोत्तम डिझाइन शाळेत प्रवेश मिळवलेली मुलगी अपात्र, आणि साडेचारशेव्या क्रमांकाच्या विद्यापीठात तोच विषय शिकणारा पात्र. हे मला शहाणपणाचं वाटत नाही. पण अर्ज भरणाऱ्यानं नियमाशी भांडण्याआधी तो माहीत करून घेतलेला बरा.

महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी 75 जागा आहेत आणि क्रमवारीची रेघ दोनशेच्या आत. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यानं सगळ्या विभागांच्या परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी समान धोरण काढलं, त्यात मात्र गुण पुन्हा पुढे आले: दहावी, बारावी आणि पदवीला 75 टक्के, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला 30 लाख आणि पीएचडीसाठी 40 लाखांची मर्यादा. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांची फी आणि राहण्याचा खर्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. दहावीला जिल्हा परिषदेच्या शाळेत 68 टक्के मिळवून पुढे नामवंत संस्थेतून पदवी घेतलेला विद्यार्थी दहावीच्या त्या निकालापायी बाद होणार होता. 2024 मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला आणि सरकारला या अटींवरून मागे यावं लागलं. मधल्या काळात ज्यांनी “आपण बसत नाही” म्हणून अर्जच केला नाही, त्यांची गणती कुणी ठेवत नाही.

“आधी शिष्यवृत्ती मिळू दे, मग विद्यापीठ बघू”

सगळ्यात जास्त अर्ज इथे घसरतात, कारण प्रत्येक योजनेचा क्रम वेगळा आहे. ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीत आधी निवड, मग विद्यापीठाला अर्ज. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंगमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अर्ज भरायचा, त्यात तीन अभ्यासक्रम लिहायचे, आणि त्यांपैकी एकाचं विनाअट प्रवेशपत्र पुढच्या जुलैपर्यंत आणून दाखवायचं. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस मुंडसमध्ये प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांचा अर्ज एकच, तोही थेट अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडे. एनओएसला मात्र विनाअट प्रवेशपत्र आधी लागतं.

विनाअट म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावं. फेब्रुवारीत विद्यापीठाचं अभिनंदनाचं ईमेल येतं, घरात पेढे वाटले जातात. त्या ईमेलच्या तिसऱ्या परिच्छेदात अटी असतात: अंतिम वर्षाची गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आयईएलटीएसचा अमुक स्कोअर, कधी ठरावीक रक्कम आगाऊ. या पूर्ण होईपर्यंत ते पत्र शिष्यवृत्तीच्या लेखी कोरा कागद. आपल्याकडे शेवटच्या सत्राचा निकाल जुलै-ऑगस्टपर्यंत रेंगाळतो, तोवर पोर्टल बंद झालेलं असतं. म्हणून शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करण्यापेक्षा पदवी हातात आल्यावर, मधे एक वर्ष काम करून अर्ज करणारे या शर्यतीत पुढे राहतात. “वर्ष वाया जाईल” ही आईवडिलांची भीती इथे नेमकी उलटी पडते. चीव्हनिंगला तर किमान दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतोच, आणि त्यात इंटर्नशिप, अर्धवेळ काम, स्वयंसेवी काम धरलं जातं. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीसाठी तीन वर्षं पूर्णवेळ काम झालेलं असावं लागतं. कॉलेजमधून थेट बाहेर पडलेल्यासाठी ती योजनाच नाही.

इरॅस्मसबद्दल एक जुना समज अजून शिल्लक आहे: एका वर्षात तीनच अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो. तसं होतं; 2021 पासूनच्या नव्या कार्यक्रमात ती मर्यादा राहिलेली नाही. दुसरी एक मर्यादा मात्र आली. एका प्रकल्पाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त एकाच देशाच्या नागरिकांना देता येत नाहीत. भारतातून अर्जांचा पूर येतो, म्हणजे तुमची खरी स्पर्धा जर्मनीच्या किंवा ब्राझीलच्या मुलाशी नाही. ती भारतातल्याच उमेदवारांशी आहे.

“नॉन-क्रीमी लेयर दाखला आहे की”

दोघंही जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक असलेलं इतर मागासवर्गीय जोडपं घ्या. त्यांच्या मुलीला नॉन-क्रीमी लेयर दाखला मिळतो, कारण त्या तपासणीत पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तोच दाखला ती परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडते आणि निर्धास्त होते. शिष्यवृत्तीसाठी मात्र कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी येणारं उत्पन्न बघतात, आणि आठ लाखांची मर्यादा दोन शिक्षकांचे पगार सहज ओलांडतात. हे दोन वेगळे दाखले आहेत, दोन वेगळ्या हिशेबांचे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि प्राप्तिकर विवरणपत्र यांतले आकडे जुळले नाहीत तर तीही एक वेगळी डोकेदुखी. अर्ज भरायच्या आठवड्यात ती निस्तरत नाही.

“सगळा खर्च सरकार करतं”

फी बहुधा थेट विद्यापीठाकडे जाते, ती बाजू बरी. राहण्याखाण्याचे पैसे बघा. एनओएसचा वार्षिक निर्वाहभत्ता ब्रिटनसाठी 9,900 पौंड आणि अमेरिका व इतर देशांसाठी 15,400 डॉलर आहे; त्याशिवाय पुस्तकं वगैरेंसाठी अनुक्रमे 1,100 पौंड आणि 1,500 डॉलर. आता ब्रिटिश सरकारचाच हिशेब शेजारी ठेवू. विद्यार्थी व्हिसासाठी जगायला किती लागतं याचा जो दर त्यांनी जानेवारी 2025 पासून लावला, तो लंडनसाठी महिना 1,483 पौंड आणि लंडनबाहेर 1,136. नऊ महिन्यांचे लंडनबाहेरचे झाले 10,224 पौंड, लंडनचे 13,347. पुढे तो दर आणखी वाढला. म्हणजे वर्षभराचा भत्ता स्वस्त शहरातल्या नऊ महिन्यांनाही पुरत नाही, हे त्या देशाचं सरकारच सांगतं. एकदा भत्ता ठरवायचा आणि मग वर्षानुवर्षं त्याकडे बघायचं नाही, हे आपल्याकडे नवीन नाही. पहिल्या महिन्याचं घरभाडं आणि डिपॉझिट बहुतेक वेळा पहिल्या हप्त्याच्या आधी भरावं लागतं, त्याची सोय विमानात बसण्याआधी झालेली बरी. इरॅस्मस मुंडसमध्ये 2021 पासून महिना 1,400 युरो मिळतात. त्यात प्रवास आणि व्हिसाही बसवायचा असतो.

“आपला विषय आपण ठरवायचा”

एनओएस फक्त पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, एवढं बहुतेकांना माहीत असतं. 2022 च्या नियमावलीत आणखी एक बदल आला, त्यावर वर्तमानपत्रांत थोडं लिहिलं गेलं आणि विषय मागे पडला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचं समाजशास्त्रीय संशोधन करायचं असेल तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असं त्यात आलं. कारण दिलं गेलं ते असं, की या विषयांची साधनं आणि तज्ज्ञ देशातच आहेत. वरवर पटावं असं हे कारण आहे. पण 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा या विषयावर एका विद्यार्थ्यानं निबंध वाचला होता. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या त्या विद्यार्थ्याचा हा विषय या नियमाच्या कसोटीला उतरला नसता. ज्यांच्या अनुभवातून भारतीय समाजाचा अभ्यास सगळ्यात जास्त हलला, त्यांच्याच मुलांना तो परदेशात करायला पैसे मिळणार नाहीत, हे मला कुठल्याही कारणानं पटत नाही. अर्जदारासाठी गोष्ट सोपी आहे: संशोधन प्रस्तावाचं शीर्षक लिहिण्याआधी यंदाच्या नियमावलीतला वर्ज्य विषयांचा परिच्छेद वाचायचा.

“यादीत नाव आलं, सुटलो”

2025 च्या जुलैत एनओएससाठी 106 जणांची निवड झाली. त्यांपैकी 40 जणांना तात्पुरती मंजुरीपत्रं दिली गेली. बाकीच्यांची निधी उपलब्ध होईल तशी दिली जातील, असं सांगण्यात आलं. सप्टेंबरात ज्याचं सत्र सुरू होणार त्या मुलाला जुलैत हे कळणं म्हणजे काय, ते व्हिसाची तारीख धरून बसलेल्यांना विचारावं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेची फुलब्राइट योजना 1946 सालची. निवड राजकारणापासून लांब ठेवण्यासाठी तिच्यावर स्वतंत्र मंडळ असतं. जून 2025 मध्ये त्या मंडळातल्या जवळपास सगळ्या सदस्यांनी एकदम राजीनामे दिले. 2025-26 साठी निवडलेल्या बऱ्याच जणांना सरकारनं मंडळाला डावलून नाकारलं, असं त्यांनी जाहीर निवेदनात म्हटलं. त्याआधी त्याच वर्षी पैसे थांबल्यामुळे परदेशात असलेले अभ्यासकही अडकले होते. तेव्हा दुसरा पर्याय चालू ठेवावा, आणि विद्यापीठाकडे प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची सोय आहे का, हे निवड झाल्यावरही विचारून ठेवावं. आपल्याकडे असं विचारणं अपशकुनी वाटतं. विद्यापीठांना त्यात काही वाटत नाही.

“अमुक सर ओळखीचे आहेत, तिथून काम होतं” याबद्दल फार लिहायची गरज नाही. एनओएसचा अर्ज पोर्टलवर फुकट भरता येतो, चीव्हनिंगचाही. पॅकेज विकणारे फार तर तुमच्याऐवजी निबंध लिहून देतात, आणि ऱ्होड्ससारख्या योजनांमध्ये निबंध स्वतःचाच आहे, एआयनं किंवा दुसऱ्यानं लिहिलेला नाही, असं उमेदवाराला लेखी कबूल करावं लागतं. असा उसना निबंध मुलाखतीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

“परत यायची अट आता आली”

ही अट जुनीच आहे. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार आधी सही करून घेतला होता. आजच्या अटी त्या मानानं सौम्य आहेत. चीव्हनिंगवाल्यांना अभ्यास संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. फुलब्राइटला जे-1 व्हिसामुळे दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते, तिचा अर्थ मात्र सर्रास चुकीचा लावला जातो. ती अमेरिकेत पाऊल टाकायला बंदी नाही. ती दोन वर्षं भरेपर्यंत एच-1बी किंवा एल व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही, एवढंच. परिषदेला किंवा नातेवाइकांकडे पर्यटक व्हिसावर जाता येतं. आणि ती दोन वर्षं सलग असायची गरज नाही, तुकड्यातुकड्यांत भरली तरी चालतात.